बॅगा कोण सांभाळणार?

मुलुंडहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव देत नाही, गोष्ट थोडक्यात सांगते. नाताळच्या सुट्टीत घरची ५ माणसं ३ रात्रींसाठी अलिबागजवळ नागावला निघाली आहेत: नवरा, १२ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी, सत्तरीच्या सासूबाई आणि ती स्वतः. वाडीतल्या घरगुती खोल्यांचं बुकिंग झालंय, गाडी घरचीच आहे. आणि मुलगा हटून बसलाय, की एक दिवस खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंच. गेल्या वर्षी शाळेची सहल तिथे गेली तेव्हा हा डेंग्यूने अंथरुणात होता. नवऱ्याचं म्हणणं, "समुद्रावर जाऊन पार्कात कशाला पैसे घालायचे? पाळणे काय कुठेही असतात." त्यांना वर्षातून एवढीच सलग रजा मिळते, शिवाय मध्यंतरी मणक्याचं दुखणंही झालं होतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या म्हणतात, "माझं काय, मी बसेन कुठेही." धाकटीला दादा करेल ते करायचं असतं. मैत्रीण लिहिते, "पार्कला गेलो तर समुद्राचा एक दिवस वाया, नाही गेलो तर मुलाचं तोंड चारही दिवस वाकडं. सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून तर हा सगळा घाट घातलाय. मी काय करू?" आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: "लहानपणी गावच्या जत्रेत मी आकाशपाळण्यात तीन-तीनदा बसायचे, ते आता आठवलं की हसू येतं."

ताई, ती शेवटची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला पत्रातली तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतेच. आधी "समुद्राचा एक दिवस वाया" याबद्दल बोलू.

समुद्राचा दिवस म्हणजे नक्की किती तास? मुंबईत राहूनही आपण हे विसरतो, की समुद्र काही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आपल्यासाठी उघडा नसतो. त्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. कोळीवाड्यातली, कोकणातली जुनी माणसं ते बोटांवर मोजतात: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बारा-साडेबाराला आणि मध्यरात्री. दर दिवशी वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नागावचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मुलं धावत जाऊनही पाय भिजायला वेळ लागतो. शिवाय ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही, हे तिथे कुणीही सांगेल. दुपारी बारा ते चार डिसेंबरातसुद्धा वाळू तापते, तेव्हा सगळी माणसं खोलीत पंख्याखाली आडवी असतात. मग उरतात सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचे तेवढेच. ३ रात्रींत तुम्हाला ३ संध्याकाळी आणि ३ सकाळी मिळणार आहेत. कालनिर्णय भिंतीवर असेलच. त्यातल्या तुमच्या तारखांच्या तिथी बघा, पाऊणपट करा आणि कागदावर लिहा, पाण्यात कधी जायचं, नुसतं वाळूत कधी खेळायचं, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत कधी जाता येईल. एवढं लिहून झालं की समुद्राचं नेमकं काय जाणार आणि काय जाणार नाही ते समोर दिसेल. बहुतेक घरांत हा वाद "समुद्र की पार्क" असा मोठ्या आवाजात चालतो. कागदावर उतरवला की तो दोन तासांचा निघतो.

आता पार्कचं बघू. इथे मात्र तुमच्या मिस्टरांच्या बाजूने मला एक गोष्ट सांगायची आहे. नागावहून इमॅजिका जवळ आहे, असं तुमच्या मुलाने नकाशावर बघून ठरवलेलं दिसतंय. नागाव ते अलिबाग, तिथून वडखळ, पेण आणि मग खोपोली, असं मिळून साधारण ७० किलोमीटर होतात. मुलुंडहून ऐरोली-कळंबोलीवरून द्रुतगती मार्गाने गेलात तरी जवळपास तेवढेच. म्हणजे पार्क समुद्राच्या शेजारी नाही, तुमच्या घरापासून आहे तितकाच लांब आहे. सुट्टीच्या मधल्या दिवशी सकाळी नागावहून निघायचं, अलिबाग-वडखळच्या अरुंद रस्त्यावर नाताळच्या गर्दीत अडकायचं, दिवसभर पार्कात उभं राहायचं आणि रात्री दमलेल्या माणसाने परत त्याच रस्त्याने गाडी हाकायची, हे करू नका. चार-पाच तास नुसते गाडीत जातील, आणि मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला तर ती शिक्षाच. एवढ्यापुरतं मिस्टरांचं अगदी बरोबर आहे.

पण "पाळणे काय कुठेही असतात" हे त्यांचं वाक्य मला पटत नाही. पाळणे कुठेही असतात, ती सहल कुठेही नसते. तुमच्या मुलाला इमॅजिका बघायचंय ते २०१३ साली उघडलेलं एक मोठं पार्क म्हणून असेलही, पण मला वाटतं त्याला त्याहून जास्त वर्गातल्या गप्पांत बसायचंय. ४०-५० मुलं एका दिवसाबद्दल वर्षभर बोलत राहतात, नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये कोण ओरडलं, कुणाची टोपी उडाली, परतीच्या बसमध्ये कोण झोपलं. हा त्यांच्यात उभा असतो आणि त्याच्याकडे सांगायला काय, तर प्लेटलेट्स किती खाली आल्या होत्या. बाराव्या वर्षी ही बारीक बोच नसते. तो हट्ट करतोय म्हणून आपण त्याला हट्टी म्हणतो, पण त्याने मागितलेलं काय आहे ते बघा. त्याला मोबाईल नकोय, महागडे बूट नकोयत. सुटलेली एक गोष्ट त्याला भरून हवी आहे. ती द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी द्यावी, हा पुढचा प्रश्न.

इथे मला माझ्या आईची गोष्ट सांगायची आहे. मी कॉलेजात होते, आणि आम्ही सगळे गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. तेव्हा मुंबईत पार्क म्हणजे तेच, १९८९ मध्ये सुरू झालेलं. मार्वेहून बोटीने खाडी ओलांडायची. आई, बाबा, आम्ही तिघं भावंडं आणि एक आतेभाऊ. प्रत्येक राइडच्या रांगेत शिरताना आम्ही आपलं घड्याळ काढून आईकडे द्यायचो. दुपारपर्यंत तिच्या डाव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत चार घड्याळं होती, मांडीवर बाबांचा चष्मा, पायाशी सगळ्यांच्या पिशव्या. झाडाखालच्या बाकावर ती सकाळी बसली ती संध्याकाळी उठली. मधूनमधून आम्ही येऊन तिच्याकडचं पाणी प्यायचो, पोळीभाजी खायचो आणि पुन्हा पळायचो. परतीच्या बोटीत बाबांनी विचारलं, "मजा आली ना?" ती म्हणाली, "बोट छान होती." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आई एकदाही कशात बसली का नाही, तिला बसायचं होतं का, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. ती गेल्यानंतर तिच्या बहिणीकडून कळलं, की लग्नाआधी जत्रेत तिला पाळण्यातून खाली उतरवावं लागायचं.

म्हणून तुमची ती शेवटची ओळ वाचून मी थबकले. ताई, तुमच्या पत्रात प्रत्येकाला काय हवंय ते आलंय. तुमचा वाटा तेवढा एका आठवणीपुरता आलाय, आणि तिलाही तुम्ही "हसू येतं" असं म्हणून बाजूला केलंय. पार्कला मुलाबरोबर तुम्ही जा. तुम्ही दोघंच.

मला ठाऊक आहे, तुम्ही लगेच म्हणाल, "मग एकत्र कसे राहिलो?" एकत्र राहायचं म्हणजे पाचही जणांनी चोवीस तास एका जागी असायचं, हे आपण कधी आणि का ठरवलं? पाच जण एकत्र पार्कात गेले तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, तिथे फाटकापाशी पट्टी लावून मोजतात. तुमची धाकटी एकेका फाटकातून मागे फिरणार आणि रडणार. मणका, हृदय, रक्तदाब असं दुखणं असलेल्यांनी बसू नये, असे फलक तिथे असतात, म्हणजे मिस्टर खालीच. सासूबाई बाकावर. राहिलात तुम्ही, तर तुम्ही एका डोळ्याने सासूबाईंकडे, एकाने मुलीकडे बघत बॅगा सांभाळणार. आणि मुलगा पाच तिकिटांच्या पैशांत एकटाच राइडमध्ये बसणार, शेजारच्या खुर्चीत कुणीतरी अनोळखी. याला मी एकत्र म्हणणार नाही. दोघं गेलात तर तिकिटं दोनच लागतील, आणि पैशांचा मुद्दाही बराचसा निकालात निघेल.

मिस्टरांशी बोलताना हे मुलांसमोर काढू नका. आणि मणक्याबद्दल आपणहून विचारा. मला असं वाटतं, की "पैसे कशाला घालायचे" या बोलण्याच्या मागे "मला त्याच्याबरोबर बसता येणार नाही" हे असू शकेल. बापाला हे मुलासमोर म्हणणं जड जातं. तुम्ही "मी जाते त्याच्याबरोबर, मलाच जायचंय" म्हणालात, तर त्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. "त्याच्यासाठी जाते" असं मात्र म्हणू नका, नाहीतर तो तुमचा आणखी एक त्याग होऊन बसेल. "मलाच जायचंय" हे खरं आहे, तेच म्हणा.

आता जमवायचं कसं. जाताना रस्त्याने न जाता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरा. गाडी पोटात घालून तासाभरात पलीकडे. सासूबाईंना गाडीतलं अवघडणं कमी, आणि मुलांना बोटीचं अप्रूप. सुट्टीत गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते, तेवढं आजच करा. मग ३ दिवस मनसोक्त समुद्र करा. पार्क ठेवा परतीच्या दिवशी, कारण पेण-खोपोली रस्ता तुम्हाला तसाही घराच्या दिशेनेच आणतो. सकाळी लवकर सामान डिकीत टाकून निघा आणि फाटक उघडण्याच्या सुमारास तुम्ही दोघं पार्कपाशी उतरा. पाठीला एक छोटी सॅक, बाकी काही नाही.

आणि उरलेले तिघं? इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. खोपोलीजवळच महड आहे, वरदविनायकाचं. त्याच रस्त्याने पुढे गेलं तर पाली, बल्लाळेश्वराची. म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती तुमच्या मुलाच्या पार्कच्या दोन बाजूंना बसलेत! "मी बसेन कुठेही" म्हणणाऱ्या सासूबाईंना महडला नेतो म्हटलं तर त्या काय म्हणतात ते बघा. पालीला जाऊन-येऊन बरंच अंतर पडतं, तेव्हा मिस्टरांची कंबर ठीक असेल तरच. नाहीतर महड पुरे. तिथे नवसाचा नंदादीप आहे, १८९२ पासून तेवत असल्याचं सांगतात. आपल्या मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून, सून आणि मोठा नातू सोबत नसताना, आई शेवटची कधी कुठे गेली होती, हेही मिस्टरांना आठवून बघू दे. धाकटीला अख्खा बाबा मिळेल. वाटेत खोपोलीला जेवून ते तिघं दुपारी निघाले की संध्याकाळच्या आत मुलुंडला, आणि तुमच्या वाटेकडे डोळे लावून दिवसभर पार्किंगमध्ये थांबायची कुणाला गरज नाही.

कारण तुम्ही दोघं लोकलने या. खोपोलीला मध्य रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून गाड्या कमी असतात, म्हणून वेळापत्रक आधी बघून ठेवा, परतीची एक आणि ती चुकली तर पुढची, अशा दोन गाड्या कागदावर लिहा. पार्कपासून स्टेशनपर्यंत रिक्षा लागेल. संध्याकाळी सगळी गर्दी एकदम बाहेर पडते, तेव्हा सकाळीच एखाद्या रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन वेळ ठरवून ठेवलीत तर धावपळ होणार नाही.

पार्काबद्दलही थोडं सांगते, हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगवेगळी असतात, एका दिवसात दोन्ही करायच्या भानगडीत पडू नका, एकाचाही धड आनंद मिळत नाही. डिसेंबरात वॉटर पार्क तर नकोच, पाणी गार असतं आणि ओल्या अंगाने लोकलमध्ये हाल होतील. तिकीट ऑनलाइन काढा आणि जमलं तर शनिवार-रविवार, २५ तारीख आणि ३१ तारीख टाळा. मोठ्या राइड्स सकाळी पहिल्या तासा-दोन तासांत उरका, नायट्रो सगळ्यात आधी. ती उलटीपालटी होते आणि पायाखाली फळी नसते, तेव्हा पोटभर नाश्ता करून चढू नका आणि चप्पल नको, बूट घाला. दुपारचं ऊन चढलं की छताखालच्या, बसून बघायच्या राइड्स घ्या. हेलिकॉप्टरमधून देशभर फिरवून आणल्यासारखी एक आहे, दमलेल्या पायांना ती बरी. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून जेवणाचे पैसे तिकिटात धरूनच हिशेब करा, म्हणजे आत गेल्यावर मुलाच्या प्रत्येक "आई, ते घेऊ?" वर कपाळाला आठी पडणार नाही.

धाकटीला मात्र गाफील ठेवू नका. आदल्या रात्री तिला न सांगता सकाळी दादाला उतरवून गाडी पुढे नेली, तर ती हे वर्षानुवर्षं विसरणार नाही. निघायच्या आधीच, घरी, दाराच्या चौकटीला उभी करून तिची उंची मोजा. अनवाणी, केस चापून. पेन्सिलने खूण करा आणि पार्कच्या वेबसाइटवर दिलेल्या उंच्या तिच्यासमोर वाचा. तिची रेघ कुठे आणि राइडची रेघ कुठे, हे तिला स्वतःला दिसू दे. मुलांना "तू लहान आहेस" चा राग येतो, पण रेघेशी त्या मानाने भांडण होत नाही. "रेघ इथपर्यंत आली की तू आणि मी" असं सांगा, आणि हे सांगितलंत तर पाळा.

अशा पत्रांत दोन-तीन गोष्टी वेगळ्या असत्या तर माझं उत्तरही वेगळं असतं. नागपूर, जळगावकडून पहिल्यांदाच समुद्र बघायला येणारं घर असेल, तर मी म्हणेन पार्क राहू दे. पहिला समुद्र मुलांना पुरून उरतो, त्यांना लाटांपाशी मोकळं सोडा. सगळीच मुलं पाचाच्या आतली असतील तर वाळूत खड्डा खणणं हाच त्यांचा पार्क. आणि हातात एकच रविवार असेल तर मुंबईतच बोरिवलीकडून गोराईची खाडी ओलांडता येते. एस्सेलवर्ल्ड आता बंद झालंय, पण त्याला लागून १९९८ मध्ये सुरू झालेलं वॉटर किंगडम आहे, शेजारी विपश्यनेचा भव्य पॅगोडा आहे जिथे घरची मोठी माणसं शांत बसू शकतात, आणि पलीकडे गोराईचा किनारा. मे महिन्यात हे तिन्ही एका दिवसात नीट जमतं.

तुमचं मात्र खोपोलीच, ताई. मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की तुम्ही नुसत्या सोबतीला येत नाही, प्रत्येक राइडमध्ये त्याच्या शेजारी बसणार आहात. तो थोडा लाजेल, मित्रांना आईबरोबर गेलो असं कसं सांगायचं म्हणून. पहिल्या चढावर तुम्ही दोघं एकदम ओरडलात की त्याची लाज जाईल. तुमचं घड्याळ घरीच ठेवा, म्हणजे काढून कुणाकडे द्यायला नको.

संध्याकाळी खोपोलीहून गाडी तिथूनच सुटते, तेव्हा खिडकी मिळेल. त्याला ती द्या आणि तुम्ही शेजारी बसा. कर्जत गेलं की त्याला झोप लागेल, डोकं तुमच्या खांद्यावर येईल. मुलुंडला थांबणारी गाडी नसेल तर ठाण्याला बदलावी लागेल, त्याला डोंबिवलीपासूनच उठवायला सुरुवात करा.